खाडी, सडा आणि घाट: कोकण किनारा सायकलने करायचा तर

नकाशावर अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारी रस्ता अगदी निरुपद्रवी दिसतो. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला वाड्या, मधून रस्ता. त्यामुळे पहिल्यांदा निघणारे बहुतेक जण हिशेब मांडतात तो असा: किनाऱ्याचे दिवस आरामात जातील, दमछाक होईल ती शेवटच्या घाटात. प्रत्यक्षात नेमकं उलटं घडतं. पाय बोलायला लागतात ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, श्रीवर्धन ते दापोलीच्या पट्ट्यात, आणि पुढे घाट मात्र ठरलेल्या लयीत निघून जातो.

कारण जमिनीच्या ठेवणीत आहे. कोकणचा किनारा खाड्यांनी कापलेला आहे. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उंचावरचा सपाट कातळी माळ, पसरलेला असतो, समुद्रसपाटीपासून साधारण ८० ते १५० मीटर उंच. रस्ता खाडीकाठी शून्यावर असतो, तिथून सड्यावर चढतो, थोडं अंतर कातळावरून जातो आणि पुढच्या वाडीत पुन्हा शून्यावर उतरतो. दिवसभरात हे सात-आठ वेळा होतं. ६० किलोमीटरच्या दिवसात एकूण चढ ९०० ते १,१०० मीटर सहज भरतो. शिवाय हे रस्ते वाडीला वाडी जोडत, जुन्या पायवाटांवरून झालेले आहेत. त्यामुळे चढ आखूड असले तरी ताठ असतात, १० ते १२ टक्के आणि काही वळणांवर त्याहून जास्त. घाटरस्ते मात्र आधी बैलगाड्या आणि नंतर ट्रक चढावेत म्हणून आखलेले. त्यांचा चढ बराचसा ४ ते ६ टक्क्यांत राहतो, फक्त तो लांबलचक असतो.

म्हणून कोकणात किलोमीटर मोजू नका, चढ मोजा. पुढची सगळी तयारी, गिअरपासून मुक्कामापर्यंत, या एका गोष्टीवर बेतायची आहे.

मार्ग आणि दिवसांची आखणी

उत्तरेकडून दक्षिणेकडे जा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा बहुतेक वेळा वायव्येकडचा असतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी येतो, उलट दिशेने निघालात तर रोज दुपारी छातीवर. ओझं लादलेल्या सायकलला हा फरक ताशी तीन-चार किलोमीटरचा पडतो.

मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सायकल घेते. तिथून पुढे हे टप्पे धरा:

पहिला दिवस मांडवा, अलिबाग, रेवदंडा, कुंडलिकेवरचा साळावचा पूल, कोर्लई, काशीद, मुरूड. सुमारे ७० किलोमीटर, त्यातला बराच भाग सपाट. काशीदच्या आसपासचे चढ पुढच्या दिवसांची चुणूक दाखवतात. दुसरा दिवस मुरूडहून आगरदांडा, राजपुरी खाडी ओलांडून दिघी, मग दिवेआगर, आणि आरावी-कोंडिवली-शेखाडी करत श्रीवर्धन. जेमतेम ५५ किलोमीटर, पण हा संपूर्ण किनाऱ्यावरचा सर्वांत देखणा रस्ता आहे. शेखाडीच्या बाजूला तो पाण्याला इतका लगटून जातो की घाई करणं पाप आहे. तिसरा दिवस हरिहरेश्वर, बागमांडला, सावित्री ओलांडून वेशवी, वेळास, केळशी, आडे-पाडले मार्गे आंजर्ले. सुमारे ६५ किलोमीटर आणि सहलीतला सर्वांत कठीण दिवस. चौथा दिवस हर्णै, दापोली, दाभोळ, वाशिष्ठी ओलांडून धोपावे, गुहागर. सुमारे ७० किलोमीटर. दापोली जवळजवळ अडीचशे मीटर उंचीवर आहे, तेव्हा हर्णैपासूनचा चढ सकाळीच उरकून टाका. पाचवा दिवस वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, शास्त्री ओलांडून जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. जयगड बंदराकडे अवजड गाड्यांची ये-जा असते, तो तुकडा कडेने आणि सावधपणे काढा. सहावा दिवस आरे-वारे मार्गे रत्नागिरी. हा निम्मा दिवस आहे, आणि तो निम्माच ठेवा. कपडे धुवायला, साखळी पुसायला आणि ढुंगणाला विश्रांती द्यायला तो लागतोच.

इथून दोन वाटा. वेळ कमी असेल तर रत्नागिरीहून पाली, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूर. सुमारे १३० किलोमीटर, दोन दिवसांत विभागावेत. ट्रकची वर्दळ भरपूर. वेळ असेल तर पावस, पूर्णगड, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ले असे चार दिवस आणखी, आणि मग सावंतवाडीहून आंबोली घाट. आमचं मत विचाराल तर दुसरी वाट. आंबोलीचा चढ लयीत चढण्याजोगा आहे, झाडी दाट आहे आणि माथ्यावर पोहोचल्यावर सह्याद्री ओलांडल्याचं समाधान आंबा घाटापेक्षा जास्त मिळतं.

मुंबई-गोवा महामार्ग शक्य तितका टाळा. तो अंतर वाचवतो, पण सायकलीसाठी तिथे ना सावली, ना कडेला सलग जागा.

काळ म्हणाल तर नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी अखेर. ऑक्टोबरात उकाडा आणि ओल दोन्ही असतात. मार्चपासून दमट उष्मा वाढतो. जून ते सप्टेंबर किनारा फार सुंदर दिसतो, पण घाटात दरडी कोसळतात, खवळलेल्या समुद्रामुळे फेऱ्या बंद पडतात आणि शेवाळलेल्या डांबरावर टायर धरत नाही. नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा: खोल्या मिळत नाहीत आणि अरुंद रस्त्यांवर मोठ्या गाड्यांची रांग लागते. शिमग्याच्या दिवसांत गावं पालखीत रंगलेली असतात, खानावळी बंद मिळू शकतात. पाहुणे म्हणून पालखी बघायला थांबणार असाल तर मात्र खुशाल त्याच वेळी जा.

गिअर: इथे कंजूषपणा नको

सायकल कोणत्या कंपनीची, किती हजारांची, हा प्रश्न दुय्यम आहे. सर्वांत हलका गिअर किती हलका, हा खरा प्रश्न.

पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते, याचा हिशेब सोपा आहे. पुढच्या चेनरिंगचे (पायडलजवळच्या दातेरी चक्राचे) दात भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दात, गुणिले चाकाचा परीघ. ७०० सी चाकाला ३५ मि.मी.चा टायर असेल तर परीघ साधारण २.१५ मीटर. स्वार ७० किलो, सायकल १३, सामान १२, एकूण ९५ किलो धरू. चढ १० टक्के, पायडल मिनिटाला ६० फेरे.

रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीला बऱ्याचदा ३४/२८ (पुढे ३४ दात, मागे २८) हा सर्वांत हलका गिअर असतो. एका फेऱ्यात सायकल २.६ मीटर पुढे जाते, वेग ताशी ९.४ किलोमीटर, आणि त्यासाठी पायांतून सुमारे २६० वॅट यावे लागतात. ३०/३४ ला १.९ मीटर, १९० वॅट. २२/३४ ला १.४ मीटर, ताशी ५ किलोमीटर आणि १४० वॅट. नियमित सायकल चालवणारा सामान्य माणूस तासभर सलग १५० वॅटच्या आसपास देऊ शकतो. म्हणजे ३४/२८ घेऊन केळशीचा चढ चढायचा तर एक तर पायडल मिनिटाला ३५ फेऱ्यांवर येतं आणि सगळा भार गुडघ्यावर जातो, नाही तर उतरून ढकलावं लागतं.

पुढच्या-मागच्या दातांचं गुणोत्तर ०.९ च्या खाली हवं, ०.७ च्या जवळ असेल तर उत्तम. तीन चेनरिंगच्या जुन्या एमटीबी सायकली या बाबतीत महागड्या सायकलींपेक्षा सरस ठरतात. मागे सात गिअरची हायब्रिड असेल (२८ चं लहान चेनरिंग, मागे २८ चं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्रांचा संच), तर मागचं फ्रीव्हील ३४ दातांचं करून घ्या. हा बदल करताना दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, मागचा डिरेल्युअर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) लांब पिंजऱ्याचा हवा, नाहीतर तो मोठ्या चक्राला घासतो. दोन, साखळीची लांबी पुन्हा मोजावी लागते: साखळी डिरेल्युअरमधून न नेता सर्वांत मोठ्या चेनरिंगवरून आणि सर्वांत मोठ्या चक्रावरून गुंडाळा, टोकं जुळतात त्याच्यापुढे दोन कड्या जास्त ठेवा. आखूड साखळी मोठ्या-मोठ्या जोडीवर पडली की डिरेल्युअरच उपटून येतो.

डिरेल्युअरवरचा एल खुणेचा स्क्रूही निघण्यापूर्वी तपासा. मागचं चाक हवेत धरून सर्वांत मोठ्या चक्रावर साखळी टाका आणि डिरेल्युअर बोटाने आतल्या बाजूला दाबा. तो स्पोककडे सरकत असेल तर स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या. चढावर घाईने गिअर टाकताना साखळी स्पोकमध्ये गेली तर चाक, साखळी आणि डिरेल्युअर तिन्ही एका झटक्यात जातात.

गिअर टाकायचा चढ सुरू होण्याआधी. कोकणात वळण संपताच चढ उभा ठाकतो, म्हणून खाडीकाठी उतरतानाच हलक्या गिअरची तयारी ठेवा. पायावर पूर्ण जोर असताना गिअर बदलला की साखळी तुटते. बहुतेक तुटलेल्या साखळ्यांचं मूळ हेच.

ब्रेक

चढाइतकाच उतारही असतो, आणि अपघात उतारावर होतात.

आंबोलीहून सावंतवाडीकडे कुणी उलटं उतरलं, तर ९५ किलो वजन सुमारे ६५० मीटर खाली येतं. त्यातून मोकळी होणारी ऊर्जा ६०० किलोज्यूलच्या घरात. दीड-दोन लिटर गार पाणी उकळायला जेवढी लागते तेवढी. काही वाटा हवेचा रोध घेतो, उरलेली सगळी उष्णता रिममध्ये किंवा डिस्कमध्ये जाते. पूर्ण उतारभर ब्रेक हलकासा दाबून ठेवला की धातूला थंड व्हायला सवडच मिळत नाही. रिम तापून ट्यूब फुटते, हायड्रॉलिक ब्रेकचा लीव्हर हँडलला टेकतो.

पद्धत अशी ठेवा. सरळ तुकड्यात ब्रेक मोकळा. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात, तीन-चार सेकंद, मग सोडून वळण घ्या. वळणात ब्रेक नको, विशेषतः जांभ्याची बारीक खडी पसरलेली असेल तर. पुढचा ब्रेक जास्त काम करतो, त्याला घाबरू नका. फक्त वजन सीटच्या मागच्या बाजूला सरकवा. दर तीन-चार किलोमीटरला थांबा. हाताची मागची बाजू रिमजवळ न्या, हात धरवत नसेल तर पाच मिनिटं बसा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

निघण्यापूर्वी पॅड बाहेर काढून पाहा. डिस्क पॅडचा घासायचा थर १ मि.मी.पेक्षा कमी असेल तर बदला, आणि एक जोडी बरोबर घ्या. केबलच्या डिस्क ब्रेकला पॅड झिजेल तसा आतला पॅड गोल डायल फिरवून पुढे आणावा लागतो; नुसती केबल ताणली तर लीव्हर घट्ट वाटतो पण ब्रेक लागत नाही. रिम ब्रेकच्या रबरात अॅल्युमिनियमचे चमकते कण रुतून बसतात, उतारावर ते कर्रकर्र वाजतात आणि रिमवर चरे पाडतात. सुईने उकरून काढा, पॅड पॉलिश पेपरवर घासा.

स्टीलच्या चकचकीत रिमची साधी सायकल असेल तर ओल्या रस्त्यावर तिला ब्रेक नाही असंच समजून चालवा.

चाकं, टायर आणि पंक्चर

टायर ३२ ते ४० मि.मी. रुंद घ्या. ३५ च्या टायरला मागे ५५ ते ६० पीएसआय, पुढे ४५ ते ५०. जास्त हवा म्हणजे जास्त वेग हा समज खडबडीत डांबरावर खोटा ठरतो. टणक टायर उडतो, पकड सुटते आणि मनगटं दुखतात. फार कमी हवा ठेवली तर खड्ड्यात ट्यूब रिमला चेपते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, सापाच्या दातांसारखी. अशी दोन भोकं दिसली की काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

मागचं चाक ३२ किंवा ३६ स्पोकचं असावं. सहलीआधी चाकाचा आऊट (डगमग) काढून घ्याच, पण कारागिराला नुसता आऊट काढायला न सांगता सगळ्या स्पोकचा ताण सारखा करायला सांगा. स्पोक ओझ्याने क्वचितच तुटतो. तो सैल असल्याने प्रत्येक फेऱ्यात ढिला-ताठ होत राहतो आणि हबजवळच्या कोपऱ्यात थकून तुटतो. दोन-दोन स्पोक बोटांनी एकत्र दाबून पाहिले तर सैल कुठला ते लगेच कळतं.

पंक्चर काढायचं ते नीट काढा. भोकाभोवती रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने मॅट होईपर्यंत घासा. सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि थांबा, चार-पाच मिनिटं, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत. ओल्या सोल्यूशनवर पॅच लावण्याची घाई हेच पॅच सुटण्याचं कारण, आणि दमट हवेत ते वाळायला वेळ जास्तच लागतो. पॅच मधून कडेकडे दाबा. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवा; ट्रकच्या फुटक्या टायरमधून निघालेली केसाएवढी तार डोळ्यांना दिसत नाही, पण बोळ्यात अडकते. ती राहिली तर दहा किलोमीटरवर पुन्हा तेच.

बारीक वॉल्व (प्रेस्टा) असेल तर पितळेचा अडॅप्टर घ्या, दहा ग्रॅमसुद्धा भरत नाही. तो असला की गावच्या पंक्चरवाल्याचा आणि पेट्रोल पंपाचा कॉम्प्रेसर उपयोगी पडतो. पंपावर हवा झपाट्याने भरते, ४० पीएसआयला थांबा आणि उरलेली हातपंपाने भरा.

सामान

एकूण १० ते १२ किलो. यापेक्षा जास्त होत असेल तर काहीतरी काढायचं राहिलं आहे. कोकणात गावोगावी घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. तंबू आणि चूल या मार्गावर लागत नाही. घरातली दोन-तीन किलोची भीती सोबत घेऊन जाऊ नका.

पॅनियर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या) असतील तर जड वस्तू तळाशी, दोन्ही बाजूंचं वजन सारखं. फरक अर्ध्या किलोपेक्षा जास्त झाला की उतारावर हँडल थरथरतं. पॅनियर नसतील तर कॅरिअरवर जलरोधक पिशवी आणि जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. विकतच्या हुकवाल्या दोऱ्यांपेक्षा या पट्ट्या घट्ट धरतात आणि हुक निसटून स्पोकमध्ये जायची भीती नाही. कॅरिअरचे बोल्ट सहसा ५ मि.मी.चे, त्यांना ४ नंबरची अॅलन की लागते. खडबडीत रस्त्याने ते रोज थोडे-थोडे सैल होतात. रोज संध्याकाळी चारही बोल्ट तपासा, आणि असे दोन बोल्ट जादा ठेवा.

हत्यारं आणि सुटे भाग: अॅलन कींचा संच, साखळी तोडायचं हत्यार, आपल्या साखळीच्या गिअरसंख्येला जुळणाऱ्या दोन क्विक लिंक (साखळी जोडायच्या सुट्या कड्या), दोन ट्यूब, पंक्चरचं साहित्य, टायर लीव्हर, हातपंप, ब्रेक पॅड, एक गिअर केबल आणि एक ब्रेक केबल, आपल्या चाकाच्या मापाचे तीन स्पोक (फ्रेमला टेपने चिकटवून), स्पोकची चावी, डिरेल्युअर हँगर (डिरेल्युअर फ्रेमला जोडणारा तुकडा), झिप टाय, ओल्या हवेतलं चेन ऑइल ५० मिली, फडकं. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि रत्नागिरीतसुद्धा मिळेलच असं नाही, म्हणून तो घरूनच.

पॅडेड शॉर्ट तीन न्या. आत दुसरं काही घालू नका, शिवणी कातडीला घासतात. कोकणच्या दमट हवेत रात्री धुतलेली शॉर्ट सकाळी ओलीच असते, ओली शॉर्ट घालून ६० किलोमीटर म्हणजे दुसऱ्या दिवशी बसता येत नाही. तिसरी शॉर्ट याच्यासाठी.

सीटची उंची घरीच ठरवा. टाच पायडलवर ठेवा, पायडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे. मागून दुखला तर सीट वर आहे. बदल एका वेळी ५ मि.मी.पेक्षा जास्त नको.

रोजचा दिवस

डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, सहा वाजून गेले की मावळतो. साडेसहाला चहा, उजाडताच रस्त्यावर, अकरापर्यंत दोन तृतीयांश अंतर. भर दुपारी सड्यावर सावलीचं झाड मिळत नाही, काळा कातळ तापून खालूनही उष्णता देतो. बारा ते तीन जेवण आणि आडवं होणं. उरलेलं अंतर वारा पाठीशी घेऊन.

पाणी तासाला पाऊण ते एक लिटर. नुसतं पाणी पुरत नाही, घामातून मीठ जातं. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शहाळं, मिठाचं लिंबू सरबत, कोकम सरबत वाटेत मिळतं. लघवी गडद पिवळी झाली असेल तर पुढच्या सावलीत थांबा.

न्याहारीला घावणे-चटणी किंवा पोहे पोटभर. वाटेत दर पाऊण तासाला थोडंसं: केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की. जेवणाचं मात्र आधी फोन करून सांगा. घरगुती खानावळीत भात आणि आमटी माणसं मोजून पडते. अडीचनंतर अचानक दारात उभं राहिलात तर यजमानीणबाईंची ओढाताण होते आणि तुम्ही उपाशी राहता. मुक्कामाला पोहोचायची वेळ दोन तास पुढे-मागे होणार असेल तरी कळवा.

सुट्ट्या नोटा जवळ असू द्या, शंभरच्या. मोबाईलने पैसे देता येतात, पण खाडीकाठच्या खोलगट वाड्यांत रेंज जाते. नकाशा आधीच उतरवून घ्या. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८.

रस्त्यावर नजर ठेवायच्या काही जागा: सुरूच्या बनाशेजारी डांबरावर साचलेल्या बारीक काड्या, हर्णैसारख्या बंदराजवळ मासळीच्या टेम्पोतून गळलेलं तेलकट पाणी, आणि शाळेसमोरचे रंग उडालेले गतिरोधक. कुत्रं मागे लागलं तर पळू नका; उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे जा.

जेट्टीवर

आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. या चार फेऱ्यांच्या वेळा दिवसाच्या आखणीचा कणा आहेत. वेळा बदलतात, म्हणून आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी विचारा, विशेषतः शेवटच्या फेरीची. दाभोळची शेवटची फेरी हुकली तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा वळसा आहे.

ओहोटीला धक्क्याचा उतार लांबपर्यंत उघडा पडतो आणि त्याच्या खालच्या भागावर हिरवं बुळबुळीत शेवाळ असतं. तिथे सायकलवर बसू नका. क्लीटचे (पायडलला अडकणारे) बूट असतील तर ते काढून चप्पल घाला. मोटारी आत गेल्या की मग सायकल चढवा, कठड्याला गिअरची बाजू आत ठेवून टेकवा आणि ब्रेकचा लीव्हर रबराने बांधा. सायकल सरकत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणात फेरी उशिरा सुटू शकते, त्या दिवशी तासभर हाताशी ठेवा.

घाट चढताना

दाणोलीपासून आंबोलीचा खरा चढ लागतो. माथा सुमारे ६९० मीटरवर. पहिल्या दोन किलोमीटरात दम लागला तर चुकलात. बोलता येईल एवढ्याच जोराने चढायचं. मिनिटाला ६० ते ७० फेरे, बसूनच. उभं राहून पायडल मारणं पाठ मोकळी करण्यापुरतं, वीस-तीस फेरे. दर १५० ते २०० मीटर उंचीला पाच मिनिटं थांबा, त्याहून जास्त नको, स्नायू गार पडतात.

डावीकडच्या यू-वळणात आतली कड सर्वांत उभी असते. मागे-पुढे गाडी नसेल तर कडेपासून मीटरभर बाहेरून वळण घ्या, चढ निम्म्यावर येतो. गाडी असेल तर थांबा, ती जाऊ द्या. बंपरला टेकून ट्रक धरून चढणं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

९५ किलो वजन साडेसहाशे मीटर वर न्यायला शरीराला साधारण ६५० किलोकॅलरी लागतात. ते पायथ्याशीच खाऊन घ्या, माथ्यावर खाऊन उपयोग नाही. माथ्यावर हिवाळ्यात सकाळी धुकं असतं आणि घामाने भिजलेलं अंग पाच मिनिटांत गारठतं: विंडचीटर पिशवीत सर्वांत वर ठेवा, मागचा लाल दिवा लावून ठेवा. माकडांसमोर खाऊ काढू नका. आंबोलीहून बेळगाव सत्तर किलोमीटरच्या आत, तिथे रेल्वे आहे.

चढ झेपत नसेल तर उतरून ढकला. ताशी चार किलोमीटरने ढकलणं हे ताशी पाचने धापा टाकत चढण्यापेक्षा फारसं मागे नाही.

मोडलं तर

स्पोक तुटला: तुटलेला तुकडा शेजारच्या स्पोकला गुंडाळा, म्हणजे फ्रेमला आपटणार नाही. चाक ज्या बाजूला घासतं त्या बाजूचे, तुटलेल्याच्या लगतचे दोन स्पोक अर्धा फेरा सैल करा. रिम ब्रेक थोडा उघडा. सावकाश पुढचं गाव गाठा. मागच्या चाकाचा गिअरच्या बाजूचा स्पोक बदलायला कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) काढावी लागते, ते हत्यार लहान गावात मिळत नाही.

डिरेल्युअर मोडला: तो काढून टाका. साखळी मधल्या चेनरिंगवरून मागच्या अशा चक्रावर न्या की ती सरळ रेषेत राहील, जादा कड्या काढा, क्विक लिंकने जोडा. एका गिअरची सायकल झाली. सपाटीवर चालते, चढावर ढकला, पण बस किंवा रेल्वे मिळेपर्यंत पोहोचवते.

साखळी किती झिजली ते पट्टीनेही कळतं: बारा जोड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. इंचाचा सोळावा भाग जास्त भरला तर निघण्यापूर्वीच बदला, वाटेत बदललेली नवी साखळी जुन्या चक्रांवर उड्या मारते.

मीठ

समुद्राकाठची हवा साखळीला दोन रात्रीत तांबूस करते. रोज संध्याकाळी साखळी कोरड्या फडक्यात धरून पायडल उलटं वीस फेरे फिरवा. प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब तेल, दहा मिनिटं थांबा, मग वरचं सगळं पुसून टाका. पुसायचा कंटाळा केला तर तेलात वाळू बसते आणि ती पॉलिश पेपरचं काम करते. पुळणीवर सायकल चालवायचा मोह होतो. फोटोपुरती उभी करा, चालवू नका. चाललीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. बादली आणि तांब्या पुरे, जोराचा फवारा नको, तो हबमधल्या छर्ऱ्यांपर्यंत पाणी आणि मीठ दोन्ही ढकलतो.

परतीला सायकल रेल्वेच्या पार्सल डब्यातून जाते. पार्सल कार्यालयात गाडीच्या बऱ्याच आधी पोहोचा. पायडल काढायला १५ नंबरचा पाना लागतो, आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात: ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. मागचा डिरेल्युअर हँगरवरून सोडवा, फडक्यात गुंडाळून साखळीसकट फ्रेमच्या आत बांधा. टायरमधली हवा निम्मी करा. घरी आल्यावर आठवड्याच्या आत ओव्हरऑइलिंग करून घ्या. त्या वेळी सीटचा दांडा बाहेर काढा, सायकल उलटी धरून फ्रेममधलं खारट पाणी निथळू द्या, दांड्याला ग्रीस लावूनच परत घाला. हे राहिलं तर पुढच्या हिवाळ्यात तो दांडा फ्रेममध्ये असा धरून बसतो की दोन माणसांनी ओढून निघत नाही.